चौदा कुंड्या, झीरो लीकेज

१३ जुलै, रविवार

छबूबाईंनी किल्ली दिली. समोरचा फ्लॅट, ३०२. उद्या त्या तळेगावला मुलीकडे जाणार. गुडघ्याचं ऑपरेशन. सहा आठवडे. बाल्कनीतल्या चौदा कुंड्या माझ्यावर.

त्यांनी विचारलं होतं उत्कर्षाला. माझी बायको. पण तिची शाळा, तिच्या वह्या. मी मध्येच म्हणालो, मी बघतो. चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांच्या कूलंटच्या टाक्या बनतात. रोज चार हजार. प्रत्येकीची लीक टेस्ट माझ्या लाइनवर होते. नऊ महिन्यांत कस्टमरची एक तक्रार नाही. चौदा कुंड्या म्हणजे काय.

छबूबाई म्हणाल्या, माती सुकली की घाल, वली आसली की ऱ्हाऊ दे. दुसरं काय न्हाई.

सुकली म्हणजे किती सुकली, हे सांगितलं नाही. जुन्या लोकांकडे अनुभव असतो. स्पेसिफिकेशन नसतं.

चौदात एक महत्त्वाची. जास्वंद. गावठी, पाच पाकळ्यांची, लाल. मोशीतली आमची सोसायटी उभी आहे ती छबूबाईंच्याच शेतावर. लिफ्ट खाली जिथं टेकते तिथं विहीर होती. जास्वंद विहिरीच्या काठची. विहीर बुजवायच्या आदल्या दिवशी त्यांनी फांदी तोडून आणली. दर गणपतीला पहिलं फूल त्या स्वतःच्या हातानं तोडतात. यंदा गणपती २७ ऑगस्टला. त्या २४ ला परत येणार.

म्हणालो, मावशी, निश्चिंत जा.

१४ जुलै, सोमवार. सकाळी पावणेसहा

शेड्यूल तयार. प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर सकाळी, अर्धा लिटर संध्याकाळी. मोजपात्र कंपनीतलं. कुंड्यांना नंबर दिले. जास्वंद सात नंबर. चेकशीट बाल्कनीच्या दाराला चिकटवली.

फोटो काढला. जास्वंदीला चार कळ्या. छबूबाईंची नात साक्षी, तिला पाठवला. तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

१६ जुलै, बुधवार

पाऊस. झड थेट बाल्कनीत. तरीही दोन्ही वेळा पाणी घातलं. उत्कर्षानं विचारलं, भिजलेल्या झाडांना का घालताय. सांगितलं, पाऊस अनियमित असतो. मी नियमित आहे.

ती म्हणाली, बोट घालून बघा की मातीत.

बोट हे मोजमाप नाही.

१८ जुलै, शुक्रवार

तक्रार. खालच्या २०२ मधल्या जयमालाताई वर आल्या. कुंड्यांतून मातीचं पाणी टपकतं, मुलीच्या युनिफॉर्मवर डाग पडले. म्हणाल्या, छबूबाई होत्या तेव्हा असं कधी झालं नाही हो.

हे लागलं.

लीकेजची तक्रार. माझ्याकडे. चोवीस तासांत क्लोज करणार.

१९ जुलै, शनिवार

वीकली ऑफ. चौदाही कुंड्या आडव्या केल्या. प्रत्येकीच्या बुडाला भोक. काही कुंड्यांना तीन-तीन. हा सरळ सरळ मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट वाटत होता. पण चौदात चौदा म्हणजे डिझाइनच चुकलेलं.

कंपनीतून सीलंट आणलं होतं, टाकीच्या जोडाला लावतो ते. बुडं पुसली. उत्कर्षाच्या ड्रायरनं वाळवली. सीलंट आतपर्यंत दाबून भरलं. चार तास. मग टेस्ट: काठापर्यंत पाणी, खाली वर्तमानपत्र, अर्धा तास.

चौदापैकी चौदा पास. कागद कोरडा.

जयमालाताईंना कागद दाखवला. म्हणाल्या, किती सिन्सिअर आहात तुम्ही. संध्याकाळी डबाभर चिवडा पाठवला.

उत्कर्षा म्हणाली, तो ड्रायर आता तुमचाच.

२३ जुलै, बुधवार

सर्व नॉर्मल. मातीच्या वर दोन बोटं पाणी उभं असतं. चांगलं लक्षण. झाडाने हवं तेवढं घेतलं, उरलेलं राखून ठेवलं.

२७ जुलै, रविवार

सात नंबरची पानं पिवळी. नऊ आणि बाराचीही. चारपैकी दोन कळ्या गळाल्या.

वाय-वाय अ‍ॅनालिसिस केलं. कंपनीची पद्धत: पाच वेळा ‘का’ विचारायचं, मूळ कारण सापडतं. पानं पिवळी का? तहान. तहान का? पाणी कमी. कमी का? अर्धा लिटर हा अंदाज होता, डेटा नव्हता. चौथा ‘का’ विचारणार तेवढ्यात उत्कर्षानं जेवायला बोलावलं.

तीन पुरेसे आहेत. उद्यापासून पाऊण लिटर.

२९ जुलै, मंगळवार

साक्षीचा मेसेज. आजी फोटो मागतेय. पानं पिवळी असताना फोटो काढणं रुग्णाच्या दृष्टीनं योग्य नाही. १४ तारखेचा पाठवला. तोही खराच फोटो आहे.

थोडं वाईट वाटलं. जेवण झाल्यावर गेलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मातीतली ओल मोजायचं मीटर ऑनलाइन मागवलं होतं, आलं. कुंडीत खुपसलं. काटा शेवटच्या टोकाला. चौदाही कुंड्यांत तेच. म्हणजे मीटर खराब.

कंपनीत कॅलिब्रेशनला, म्हणजे मापकं तपासतात तिथं, दिलं.

२ ऑगस्ट, शनिवार

कंपनीतून फोन. मीटर बरोबर आहे म्हणाले. कॅलिब्रेशनच्या लोकांचा हल्ली दर्जा राहिला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

महापालिकेच्या डेंग्यूवाल्या ताई आल्या. ३०२ बंद म्हणून माझ्याकडे किल्ली मागितली. बाल्कनीत टॉर्च मारला. म्हणाल्या, साहेब, अळ्या आहेत. एका नाही, नऊ कुंड्यांत. हे काय, झाडं लावलीत का तळी?

सांगितलं, मी फक्त केअरटेकर आहे.

त्यांनी नोटीस लिहिली आणि दारावर चिकटवली. नाव फ्लॅटमालकाचं. छबूबाई. सगळ्या मजल्यानं वाचलं असणार. त्या बाईंच्या घरात मागच्या सत्तर वर्षांत कुणी नोटीस चिकटवली नसेल.

डेंग्यूवाल्या ताई गेल्यावर नोटीस काढून घेतली. माझ्या कपाटात, शर्टांखाली ठेवली. वरचं पाणी कपाने काढून टाकलं. संध्याकाळचं पाणी मात्र शेड्यूलप्रमाणे घातलं. शिस्त एकदा मोडली की मोडते.

५ ऑगस्ट, मंगळवार

साक्षी. आजी विचारते, जास्वंदीला चारच कळ्या कशा? तीन आठवडे झाले, त्या फुलत का नाहीत?

उत्तर दिलं, हवा ढगाळ आहे.

मग एक फोटो पाठवला. तोच, पण उजवीकडून कापलेला. त्यात तीन कळ्या दिसतात. म्हणजे एक फुलून गेली असा अर्थ होतो. मी तसं म्हटलेलं नाही.

उत्कर्षाला दाखवलं. तिनं फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग माझ्याकडे. म्हणाली, अहो, आठवीतली पोरं कॉपी करतात ना, ती पण एवढा विचार करत नाहीत.



७ ऑगस्ट, गुरुवार

कुंड्यांना वास येतो. गटारासारखा. खिडकी बंद ठेवली.

लाइनवर रोहिदासला विचारलं, सहज, एका मित्राच्या झाडाबद्दल. तो खेडजवळचा, घरची शेती. म्हणाला, पिवळं पडून वास मारतंय? मूळकुज हाय ती, भावा. पानी तोड म्हनावं. आन् खालची भोकं मोकळी हायत का बघ म्हनावं.

विचारलं, भोकं कशाला मोकळी हवीत?

त्यानं हातातली टाकी खाली ठेवली. म्हणाला, राव, पानी जायला. मुळांना हवा लागती. बुडून मरतंय झाड. मानसागत.

नंतर दोन टाक्या तपासायच्या राहिल्या. पुढे गेल्या. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

९ ऑगस्ट, शनिवार

पाणी बंद. चेकशीटवर आज रकाना रिकामा. बघवत नाही.

भोकं उघडायचा प्रयत्न केला. पेचकस, मग सुरी, मग ड्रिल. पाच नंबरची कुंडी तडकली. सीलंट हललं नाही. आमचं सीलंट चांगलं आहे, हे मी नेहमीच सांगत आलो. बाकीच्या कुंड्या अजून फोडणं परवडणार नाही. तेराही तशाच ठेवल्या.

ठरवलं: उद्या तळेगावला जायचं. समोरासमोर सांगायचं. तीन मुद्दे लिहिले. १. चूक झाली. २. हेतू चांगला होता. ३. भरपाई. उत्कर्षानं वाचलं. म्हणाली, दोन नंबर काढा.

ठेवला.

१० ऑगस्ट, रविवार

बाइकवरून तळेगाव. डझनभर मोसंबी.

छबूबाई हॉलमध्ये, वॉकर धरून उभ्या. साक्षी मोजत होती. पाय अजून नीट वाकत नाही. मुलगी म्हणाली, पहिले पंधरा दिवस खाटेवरून उतरायलाच तयार नव्हती. फिजिओथेरपीवाला हात जोडून गेला. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, गनपतीला फूल तोडायचंय, बाल्कनीपर्यंत तर जाता आलं पायजे. तेव्हापासून रोज फेऱ्या मारते. डॉक्टरनं दहा सांगितल्या, ही बारा मारते.

छबूबाई म्हणाल्या, मोशीच्या घरी खाट ते बाल्कनी लांब हाय रं. सराव नगं का.

मग विचारलं, जास्वंदीचं कसं काय?

तीन मुद्दे शर्टाच्या खिशात होते. खिसा चाचपला.

म्हणालो, मस्त आहे.

त्या साक्षीला म्हणाल्या, बघ, मानूस आसावा तर आसा. सख्ख्या पोरानं फोन केला न्हाई, पर ह्यो रोज झाडाला पानी घालतो.

मोसंबीचा रस दिला. दोन पेले प्यालो.

परत येताना विचार केला. सत्य सांगितलं असतं तर त्यांनी चालणं सोडलं असतं. वैद्यकीयदृष्ट्या ते घातक ठरलं असतं. मी जे केलं ते उपचाराचाच भाग.

उत्कर्षानं विचारलं, सांगितलं? म्हणालो, सांगण्याची वेळ योग्य नव्हती. ती म्हणाली, मग मोसंबी कशाला नेली होती?

१३ ऑगस्ट, बुधवार

रोहिदासला खरं सांगितलं. मित्र नाही, मीच. शिफ्ट संपल्यावर बसमधून तोही मोशीला उतरला. जास्वंद उपटली. ओढायला लागली नाही, हातात आली. मुळं काळी, बोटानं दाबली की साल निघून यायची. त्यानं चाकूनं फांद्या कापून बघितल्या, खालून वरपर्यंत. सगळ्या आतून तपकिरी. म्हणाला, एक हिरवा शेंडा आसता तरी लावला आसता. न्हाई राहिलं काय.

मग कुंडी उलटी केली. बुडावर बोट फिरवलं.

म्हणाला, कुनी केलं रं हे?

म्हणालो, आधीपासूनच असेल.

त्यानं नख लावून बघितलं. म्हणाला, आपलंच सीलंट हाय की.

 तो जाताना एवढंच म्हणाला, म्हातारीला सांग राव. आत्ताच सांग.

ठरलं. उद्या फोन.

१४ ऑगस्ट, गुरुवार

फोन नाही केला. लाइनवर ऑडिट होतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टीच्या दिवशी लोकांना त्रास देऊ नये.

१७ ऑगस्ट, रविवार

नवा विचार. सांगणं हा एक मार्ग. दुरुस्ती हा दुसरा. कंपनीत खराब टाकी कस्टमरला कळवत नाहीत, बदलून देतात.

आळंदीच्या रस्त्यावरची नर्सरी. जास्वंद, तेवढीच उंच, तीन मिटलेल्या कळ्या. विचारलं, गावठी? लाल? तो म्हणाला, लालच साहेब, शंभर टक्के.

जुन्याच कुंडीत लावली. तिच्या काठावरचा टवका छबूबाईंच्या ओळखीचा, त्यामुळे कुंडी बदलून चालणार नव्हतं. भोक बंदच आहे, पण आता पाणी बेतानं. बोट घालून बघतो. मातीत बोट घातलं की कळतं. हे कुणी आधी सांगायला हवं होतं.

जुनी जास्वंद वर्तमानपत्रात गुंडाळली. सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला गेलो, टाकवली नाही. पार्किंगमागे भिंतीशी ठेवली. पुन्हा वर आलो. पुन्हा खाली गेलो. डब्यात टाकली.

उत्कर्षाला कुंडी दाखवली. पानाच्या कडेला करवतीचे दात जास्त आहेत म्हणाली. मी म्हणालो, एवढं कोण बघतं.

म्हणाली, ज्याचं झाड, तो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

इतर कुंड्यांतल्या आठ गेल्या. तुळस, मोगरा, दोन शेवंत्या, बाकीच्यांची नावं मला कधी माहीतच नव्हती. मी नंबर दिले होते.

त्याही बदलाव्या लागतील. कशाकशाच्या बदल्यात काय आणायचं, हे विचारणार कुणाला? ज्यांना माहीत आहे त्या तळेगावला.

कोरफड जगली. तीही माझ्यामुळे नव्हे. तिची कुंडी पाचवी, ड्रिलनं तडकलेली.

२३ ऑगस्ट, शनिवार

उद्या अकरा वाजता येणार. मुद्दे पुन्हा लिहिले. आता एकच मुद्दा. लिहिलाय तो असा: मावशी, माझ्याकडून झालं.

तो वापरायची गरज पडणार नाही, अशी आशा. कळ्या भरल्या आहेत. उद्या फुलतील. लाल फूल बघितल्यावर कोण पानाकडे बघतं.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी सात

पहिली कळी उमलली. पिवळी.

साडेसात

लिंबासारखी पिवळी. मधोमध तांबडा ठिपका. फूल तोडून खिशात घातलं.

नऊ

दुसरीही. तीही खिशात. उत्कर्षा दारात उभी होती. म्हणाली, तिसरी फुलेपर्यंत तरी खरं बोलायला शिका.

दुपारी तीन

आल्या. वॉकर. मुलगी, साक्षी, ठरल्याप्रमाणे अकराला. पाणी पण घेतलं नाही, थेट बाल्कनी. पाय ओढत, पण न थांबता, मेलेल्या आठ कुंड्या मागे टाकून जास्वंदीपाशी. मी मागे.

तिसरी कळी तोवर उमललेली.

छबूबाईंनी बघितलं. वाकल्या नाहीत, वाकता येत नाही. हात लांब करून पान चिमटीत धरलं. म्हणाल्या, ही कुनाची?

म्हणालो, मावशी, तीच. ढगाळ हवेमुळं रंग.

त्या म्हणाल्या, रंग उडाला व्हय? लाल उडून पिवळं ऱ्हातं का रं? साडी हाय का ती?

साक्षी हसली. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबवलं.

छबूबाई म्हणाल्या, कुंडी आडवी कर.

केली. त्यांनी वॉकरला टेकून एक हात खाली नेला, बुडावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. म्हणाल्या, भोक कुठं गेलं?

म्हणालो, मी बुजवलं.

एकीचं?

चौदाही.

कशापायी?

जयमालाताईंच्या कपड्यांवर पाणी टपकत होतं.

त्या म्हणाल्या, आरं मग पानी कमी घालायचं.

एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर माझ्याकडे उत्तर होतं.

नंतर विचारलं, माझी कुठंय? सांगितलं. डबा म्हटलं नाही, फेकली म्हटलं. कधी, विचारलं. सतरा तारखेला. त्या मनातल्या मनात काहीतरी मोजत होत्या. म्हणाल्या, म्हंजी तू मोसंबी घिऊन आलास तवा मेलेली व्हती.

हो म्हणालो.

खुर्ची मागितली. बसल्या. माफी मागायची राहिली, कारण त्या मुलीला म्हणाल्या, ह्याला च्या कर.

चहा प्यालो. उठता येईना म्हणून प्यालो.

२५ ऑगस्ट, सोमवार

नोटीस परत दिली. कपाटातून काढून. वाचता येत नाही त्यांना, साक्षीनं वाचून दाखवली. छबूबाई म्हणाल्या, माझ्या नावानं डास पाळलंस व्हय.

वाटलं, हसल्या. पण बघितलं तर नव्हत्या हसल्या.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

त्यांच्या गणपतीला बाजारातली फुलं. जयमालाताईंनी आणून दिली. दुपारी प्रसाद घेऊन गेलो. लोक बसले होते. कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, दिग्विजयरावांनी झाडं सांभाळली म्हणे तुमची. छबूबाई म्हणाल्या, व्हय, रोज न चुकता पानी घातलं त्यानं.

खोटं काहीच नव्हतं त्यात. लोकांनी माना डोलावल्या. मी मोदक वाटीत परत ठेवला.

३१ ऑगस्ट, रविवार

साक्षी आणि तिची आई तळेगावला परत गेल्या. जाताना मुलगी दारात थांबली. म्हणाली, दादा, एक सांगू? आई इथं आल्यापासून चालतच नाही. खाट ते बाथरूम, तेवढंच. डॉक्टर ओरडतील. तुम्ही समोरच आहात, संध्याकाळी जरा उठवाल का?

माझ्याकडे का मागितलं, कळलं नाही. दुसरं कुणी समोर राहत नाही म्हणून असेल.

हो म्हणालो. या वेळी स्पेसिफिकेशन विचारलं. दहा फेऱ्या.

२ सप्टेंबर, मंगळवार

शिफ्टवरून आल्यावर गेलो. म्हणालो, मावशी, उठा, फेऱ्या. त्या म्हणाल्या, मला पानी घालायला आलास का? म्हणालो, नाही, चालवायला. म्हणाल्या, मग ठीक हाय. पर आज न्हाई.

किल्ली परत देऊन टाकली होती. झाडांचं आता जयमालाताई बघतात. त्या बोट घालून बघतात.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज न्हाई.

६ सप्टेंबर, शनिवार

पेचकस, हातोडी, लोखंडी खिळा घेऊन गेलो. त्यांच्यासमोर बसून भोकं मोकळी केली. तीन कुंड्या फुटल्या, दहा मोकळ्या झाल्या. तीन तास. त्या खाटेवरून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, काम पक्कं हाय पर तुझं.

माफी तेव्हाच मागणार होतो. हातोडीचा आवाज होता.

७ सप्टेंबर, रविवार

आज उठल्या. स्वतःहून नाही, मी तीनदा म्हटल्यावर. वॉकर धरला. मी बाजूनं. खाटेपासून बाल्कनीच्या दारापर्यंत बावीस पावलं, काल टेपनं मोजून ठेवली होती.

अकराव्या पावलाला थांबल्या.

म्हणालो, मावशी, अर्धं झालं. अजून तेवढंच.

त्या दाराकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तिकडं काय हाय आता बघायला.

मग वळल्या. मी खाटेपर्यंत सोबत आलो. पाय वर घ्यायला मदत केली. घरी आलो. वहीत लिहिलं: अकरा.